बैलाच्या जबड्यातलं पंचांग

मोडनिंबला पुणे-सोलापूर महामार्ग सोडून पंढरपूरचा रस्ता धरला, की कार्तिकाच्या पहिल्या पंधरवड्यात पुढच्या टेम्पोच्या फाळक्यावर शिंगं दिसू लागतात. जनावराचं तोंड दिसत नाही, पाठ दिसत नाही, नुसती शिंगं. मागं झुकून पुन्हा वर उचललेली, साळून गुळगुळीत केलेली, कुठं हिंगूळ लावलेली, कुठं टोकाला पितळी शेंब्या घातलेली. माढा तालुक्यातल्या या गावावरूनच कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेही जाते. बार्शी लाइट रेल्वेनं १९०६ साली हा मार्ग पंढरपूरला नेला, तेव्हा त्याचे दोन रूळ एकमेकांपासून अवघ्या अडीच फुटांवर होते. त्या छोट्या गाडीनं वारकऱ्यांची सोय झाली. गुरं मात्र मुक्काम करत करत पायीच जायची. आता ती टेम्पोत चढतात. दिवस तेवढा बदललेला नाही: कार्तिक शुद्ध एकादशीच्या आगेमागे.

बाजार भरतो तो पंढरपूरच्या पलीकडे, वाखरीच्या पालखी तळावर. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पंढरपुरात शिरण्याआधी शेवटचा मुक्काम करतात, तोच हा तळ. आषाढात इथं तंबू, राहुट्या आणि माणसांचा समुद्र असतो. चार महिन्यांनी त्याच जमिनीवर मेखा ठोकून दावणी बांधल्या जातात आणि खिलार बैल, खोंडं, कालवडी, पंढरपुरी म्हशी रांगेनं उभ्या राहतात. पंढरपूरची कृषी उत्पन्न बाजार समिती पाणी, दिवे, जागा अशी व्यवस्था बघते. बाजार कधी आहे हे मात्र कुणाला विचारावं लागत नाही. माणदेशातल्या वाडीवरच्या म्हाताऱ्यालाही ते ठाऊक असतं, कारण एकादशी कधी आहे ते त्याला ठाऊक असतं.

इथूनच नवल सुरू होतं. आपल्या चांद्र वर्षाचे दिवस ३५४, सूर्याच्या वर्षाचे ३६५. म्हणजे सण दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकायला हवेत, आणि ते सरकतातही. कार्तिकी एकादशी २०२३ मध्ये २३ नोव्हेंबरला होती, २०२४ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २ नोव्हेंबरला. असंच चाललं असतं तर काही वर्षांत कार्तिकी भर पावसाळ्यात आली असती, पुढं उन्हाळ्यात. पण साधारण साडेबत्तीस महिन्यांनी पंचांग एक अधिक महिना घालतं आणि घसरलेली एकादशी पुन्हा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नेऊन ठेवतं. तिथी चंद्राची, पण तिला ऋतूचं दावं बांधलेलं. शेतकऱ्याला हवा असतो तो नेमका हाच मेळ: आकाशात बघून ओळखता येईल असा दिवस, आणि तोही पाऊस सरल्यावरच येणारा.

पाऊस सरण्याला इतकं महत्त्व का? सोलापूर हा मुळात रब्बीचा जिल्हा. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात धरून ठेवायची आणि तीवर ज्वारी काढायची, ही इथली रीत. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी याच शेतीची लेक. कार्तिकी येते तेव्हा पेरणी उरकलेली असते. ज्याला बैल विकायचा आहे त्याचं काम झालेलं असतं. दुसरीकडं साखर कारखान्यांचे बॉयलर पेटत असतात आणि ऊस ओढणाऱ्या गाडीवानाला बैलजोडी हवी असते. ऊस तुटू लागला की वाढंही मिळू लागतं, बांधावर गवत असतं, ओढ्याला पाणी असतं. लांबून आलेल्या जनावराची वाटेत उपासमार होत नाही. विकणारा मोकळा, घेणारा गरजू आणि रस्ता कोरडा, या तीन गोष्टी वर्षात एकदाच अशा जुळतात. त्यात ही प्रबोधिनी एकादशी. देव झोपेतून उठतात, चातुर्मास संपतो, थांबलेली शुभकार्यं आणि प्रवास सुरू होतात.

आता नजर जरा दूर न्या. बिहारात गंडक गंगेला मिळते तिथं सोनपूरला हरिहरनाथाच्या पायाशी भरणारा प्रसिद्ध पशुमेळा कार्तिक पौर्णिमेचा. राजस्थानात ब्रह्मदेवाच्या पुष्करला उंटांचा बाजार, तोही कार्तिक पौर्णिमेचा. उत्तर प्रदेशात यमुनेकाठी बटेश्वरचा मेळाही त्याच सुमाराचा. देव वेगळे, भाषा वेगळ्या, जनावरं वेगळी, पंधरवडा एकच. या साऱ्यांना एका वेळी जागं करणारा मान्सून आहे, आणि त्याचं परत जाणं ज्या तिथीवर टिपलं गेलं ती कार्तिकाची. पंढरपूर झालं की व्यापाऱ्यांचा फेरा पुढं सरकतो: पुसेगावची सेवागिरी यात्रा, संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा. जनावरांच्या व्यापाराचं वर्ष देवस्थानांच्या यात्रांवरच चालतं.

वाखरीच्या तळावर सगळ्यात आधी डोळे खेचतो तो खिलार. पांढरा किंवा राखी रंग, लांबट चेहरा, कपाळावर मधोमध उभी खाच, ताणलेली कातडी आणि सतत कसलीतरी चाहूल लागल्यासारखे कान. माण नदीच्या खोऱ्यातला हा वंश. ही नदी पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेला मिळते. म्हसवडकडचा खिलार, औंध संस्थानातल्या आटपाडी महालाचा, काजळी, कोसा अशी त्याची कुळं माणसं रंगावरून आणि मुलखावरून ओळखतात. अभ्यासक त्याचं नातं म्हैसूरच्या हल्लीकर आणि अमृतमहल या वंशांशी जोडतात. अमृतमहल म्हणजे टिपू सुलतानाच्या आणि पुढं इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल. चपळाई हा या घराण्याचाच गुण. खिलार गाय दूध बेताचंच देते. माणदेशच्या शेतकऱ्यानं तिच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या दूध मागितलंच नाही. त्यानं मागितला पळणारा, उन्हात न थकणारा, कडब्यावर जगणारा मुलगा.

हे उन्हात न थकणंही अंगावर वाचता येतं. आखूड, चमकदार, फिकट केस ऊन परतवतात. गळ्याखालच्या पोळीमुळं अंगाचा पृष्ठभाग वाढतो. वशिंडाच्या या गुरांच्या घामग्रंथीही युरोपातल्या गुरांपेक्षा मोठ्या आणि दाट असतात. शिंगसुद्धा निर्जीव नसतं: बाहेर नखाच्या जातीचं टणक टरफल, आत हाडाचा गाभा आणि त्यात खेळणारं रक्त. त्यामुळं लांब शिंगं थोडीफार उष्णता बाहेर टाकत असावीत, असं काही संशोधक मानतात. या वंशाची मुळं फार जुनी. वशिंडाचं गुरू माणसाळलं ते सिंधूच्या पश्चिमेला मेहरगढच्या परिसरात, सुमारे ८,००० वर्षांपूर्वी.

पण बाजारात कुणी ८,००० वर्षं मोजत नाही. तिथं मोजतात दात.

एका दावणीपाशी थांबा. गिऱ्हाईक बैलाभोवती एक चक्कर मारतो, लगेच काही बोलत नाही. मग मालकाकडं बघतो.

"दात बघू का, मालक?"

"बघा की, पाव्हणं. दाताला काय पडदा हाय व्हय?"

डाव्या हातानं वेसण धरून तो तोंड जरा वर उचलतो आणि उजव्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत सारतो. परक्याच्या पोटात गोळा येतो, पण त्या जागी चावायला दात नसतातच. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये गुरांच्या जबड्यात मोकळी हिरडी असते. ओठ खाली ओढला की आठ दातांची ओळ दिसते, फक्त खालची. वरच्या जबड्याला पुढं दातच नसतात, तिथं एक टणक गादी असते. बैल जिभेनं गवताचा विळखा घेतो, खालचे दात त्या गादीवर दाबतो आणि मानेचा हिसडा देऊन तोडतो. नीट ऐकलं तर चरणाऱ्या गुराचा जो करकर आवाज येतो, तो या हिसड्याचा.

या आठ दातांत वय लिहिलेलं असतं. सगळे दुधाचे असले की ते वासरू 'आदत'. साधारण दोन-अडीच वर्षांचं झालं की मधली जोडी पडून तिथं दोन रुंद, पक्के दात येतात: 'दुसा'. आणखी काही महिन्यांनी दुसरी जोडी: 'चौसा'. मग 'सहादाती', आणि चार-पाच वर्षांच्या सुमाराला आठही पक्के झाले की जनावर 'जुळलं'. त्यापुढं दात झिजतात, त्यांच्यात फटी पडतात, आणि जाणता माणूस झिजेवरूनही म्हातारपण मोजतो. जन्मदाखला नसलेल्या जीवाचं वय काही महिन्यांच्या फरकानं सांगणारी ही पद्धत पशुवैद्यकाच्या पुस्तकातही तीच आहे. फरक एवढाच, की इथं ती अंगठ्याच्या बळावर अर्ध्या मिनिटात होते, आणि त्या अर्ध्या मिनिटावर हजारो रुपयांचा फरक ठरतो. दुसा-चौसा बैल कामाला लावता येतो आणि पुढं बरीच वर्षं राबतो. जुळून झिजू लागलेल्याची किंमत दर दिवाळीला उतरत जाते.

गाईच्या शिंगावर आणखी एक हिशेब असतो. गाभणपणात आणि दुधाच्या दिवसांत तिची ताकद वासराकडं वळते, शिंगाची वाढ मंदावते आणि बुडाशी एक वळी उमटते. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या या वळ्या मोजून किती वेतं झाली याचा अंदाज बांधतात. म्हणूनच फार गुळगुळीत साळलेलं शिंग बघून अनुभवी माणूस खूश होत नाही. तो मनात विचारतो, साळताना काय पुसलं?

दातानंतर चाल. "जरा फिरवून दाखवा," म्हटलं की मालक कासरा धरून बैलाला रांगेबाहेर काढतो. गिऱ्हाईक बैलाकडं नाही, मातीकडं बघतो. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढं पडला, तर टांग लांब, बैल वेगाचा. ठसा मागं राहिला तर चाल तोकडी. मग खांद्यावर हात: जूचे घट्टे, जुनी जखम. मग खूर. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखा एक नाल चालत नाही. एका पायाला पत्रीचे दोन तुकडे लागतात. बाजारात पत्री मारणाऱ्यांचं कसब स्वतंत्रपणे बघण्यासारखं असतं. पायांना दोर टाकून ते एवढं मोठं धूड बेतानं आडवं करतात, चारी पाय बांधतात आणि खिळे ठोकतात. खिळा जिवंत भागाला न लागता नखातूनच बाहेर निघायला हवा.

शेवटी भोवरा. अंगावरचे केस जिथं गोल फिरतात त्या जागा शेतकरी बोट लावून तपासतो. कुठला भोवरा शुभ, कुठला घरबुडव्या, याचे ठाम आडाखे असतात. शहरी माणूस इथं हसतो. त्यानं जरा थांबावं. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिकंज्यात धरलेल्या गुरांचं वागणं आणि त्यांच्या कपाळावरचा भोवरा यांची सांगड घालून पाहिली. ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता, ती जनावरं खालच्या भोवऱ्याच्या जनावरांपेक्षा जास्त बिथरली. सांगितलं जाणारं कारण असं, की गर्भात कातडी आणि मेंदू एकाच पेशीथरातून घडतात. यानं घर बुडतं हे सिद्ध होत नाही. पण भोवऱ्याकडं बघून जनावर तापट निघेल का, असा प्रश्न विचारणं खुळेपणाचं नव्हतं, इतकं नक्की.

म्हशींच्या बाजूला गेलात तर शिंगांचं माप बदलतं. पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीच्या पात्यासारखी चपटी आणि इतकी लांब, की खांद्याच्या मागं जातात. मान वळवली की शेजारीण सरकून उभी राहते. खिलाराला गती, तर हिला शांतपणा. बहुतेक दुभती जनावरं पान्हा सोडायला ओळखीचा हात, ओळखीची जागा, नाहीतर पुढ्यात वासरू मागतात, कारण पान्हा सुटतो तो मेंदूतून स्रवणाऱ्या ऑक्सिटोसिननं आणि भीतीनं तो अडतो. पंढरपुरी म्हैस भर रस्त्यात उभी राहून दूध देते. म्हणून तर कोल्हापुरात गवळी तिला घेऊन दूध कट्ट्यावर येतात आणि गिऱ्हाईकाच्या पेल्यात फेसाळ, धारोष्ण दूध काढून देतात. दिवसातून अनेकदा थोडं थोडं पिळून घेतलं तरी ती कुरकुरत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखातली, वैरणीवर निभावणारी आणि रहदारीत न बुजणारी म्हैस पिढ्यांच्या निवडीतून उभी राहिली, तिचं गावही हेच.

जनावर पसंत पडलं, आता भाव. इथं बाजार एकदम मुका होतो. दोघं हात पुढं करतात, वर रुमाल किंवा उपरण्याचं टोक पडतं आणि त्याच्याखाली बोटं बोलू लागतात. जुने लोक याला करपल्लवी म्हणतात. खुणा बाजारागणिक थोड्या बदलतात, पण तत्त्व सोपं आहे: धरलेली बोटं म्हणजे आकडा. दोन बोटं धरून दाबली, सोडली, मग पाचही धरली: दोन आणि पाच. पण पंचवीस, अडीचशे, पंचवीस हजार की अडीच लाख? शून्यं कुणीच सांगत नाही. ती समोर उभं असलेलं जनावर सांगतं. व्यापाऱ्यांच्या गुप्त बोलीत बोटांच्या जोडीला शब्दही होते. जुन्या मराठी कोशांत केवली, अवारू, उधानू, पोकू, मुळू असे एक ते पाच आकडे नोंदलेले सापडतात.

गर्दीत उभं राहून इतकी लपवाछपवी कशाला? विकणाऱ्याची अडचण समजून घ्या. त्याच्या दावणीला चार जनावरं आहेत. नडला म्हणून पहिलं स्वस्तात दिलं आणि ते बाजारानं ऐकलं, तर उरलेल्या तिघांचा भाव तिथंच पडला. घेणाऱ्यालाही आपली ऐपत शेजाऱ्याला दाखवायची नसते. रुमालाखाली प्रत्येक सौदा नव्यानं सुरू होतो आणि मोडला तर कुणाचंच हसं होत नाही. हाच तोडगा माणसानं फार दूरदूर काढला आहे. इराणी आखातातले मोत्यांचे व्यापारी कापडाखाली बोटं धरत, चीन आणि मंगोलियाच्या पशुबाजारांत हात लांब बाह्यांत शिरत. पंढरपूरच्या हेड्यानं, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्यानं, ते बघितलं नव्हतं आणि त्यांनी पंढरपूर बघितलं नव्हतं. अडचण सारखी होती, म्हणून उत्तरही सारखं निघालं.

हा बाजार आटतो आहे, हेही तळावर दिसतं. नांगरट ट्रॅक्टरनं होते, उसाच्या फडावर ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते. पशुगणनेत राज्यातली गाय-बैलांची संख्या २०१२ मध्ये सुमारे १.५५ कोटी होती, ती २०१९ मध्ये सुमारे १.४० कोटींवर आली. २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्यानं बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर म्हाताऱ्या बैलाचं करायचं काय, हा हिशेब शेतकऱ्याला नव्यानं मांडावा लागला. २०२२ साली लम्पी त्वचारोग पसरला आणि राज्यभरातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. उलटं वारंही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानं थांबलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाची मागणी अशी वाढली, की नांगराला बैल न लागणारी माणसंही खिलाराच्या दावणीपाशी गर्दी करतात. ज्या वेगासाठी माणदेशानं हा वंश घडवला, त्याला शेतीनं सोडलं आणि शर्यतीनं धरलं.

आणि आता कानात पिवळा बिल्ला आला आहे. त्यावर १२ आकडे असतात. तो क्रमांक संगणकावर टाकला की जनावर कुणाचं, लस कधी टोचली, हे कळतं. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय गुरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला मनाई आहे. लम्पीनंतर हे व्हायलाच हवं होतं. साथ आली तर कुठलं जनावर कुठल्या बाजारातून कुठं गेलं याचा माग अंगठा लावून लागत नाही.

मात्र बिल्ला टांग किती लांब पडते ते सांगत नाही, शिंग कशासाठी साळलं तेही नाही. त्यासाठी माणूसच लागतो आणि तो माणूस बाजारातच तयार होतो: बापाच्या मागं दहा यात्रा फिरून, शंभर जबडे उघडून, दोनदा फसून. म्हणून कार्तिकीला कधी जाल तर एकादशीच्या दोन-तीन दिवस आधी जा. ऐन एकादशीला पंढरपुरात पाय ठेवायला जागा नसते. विठ्ठलाची रांग लांब असेल, ती असू द्या. सकाळी लवकर वाखरीचा तळ गाठा, एखाद्या जाणत्याच्या मागं अदबीनं उभे राहा आणि तो दात बघत असताना विचारा, "मामा, किती दाती?" तो सांगेल, वर आणखी चार गोष्टी सांगेल, आणि त्यातल्या निम्म्या अजून कुठल्याच पुस्तकात आलेल्या नसतील.